खेळ एकाचा, यंत्र दुसऱ्याचे : कन्सोलच्या चढाओढीत त्रयस्थ निर्मात्यांचे बळ

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘हॅलो’ या खेळाची नवी आवृत्ती सोनीच्या प्लेस्टेशनवरही येणार असल्याचे जाहीर केले. व्हिडिओ गेमच्या जगाशी ज्यांचा संबंध नाही, त्यांना या वृत्तात विशेष काही जाणवले नसेल. मात्र या व्यवसायाकडे पाहत आलेल्यांच्या दृष्टीने ती एका युगाच्या समाप्तीची खूण होती. १५ नोव्हेंबर २००१ रोजी पहिला एक्सबॉक्स अमेरिकेच्या बाजारात आला, तेव्हा ‘हॅलो’ त्याच्यासोबत आला होता. लोकांनी ‘हॅलो’ खेळण्यासाठी एक्सबॉक्स विकत घेतला. ज्या खेळाच्या बळावर मायक्रोसॉफ्टने सोनीशी झुंज मांडली, तोच खेळ आता सोनीच्या यंत्रावर विकून पैसे मिळवण्याचा मार्ग कंपनीने पत्करला आहे.

असे का घडले, हे समजून घ्यायचे तर या व्यवसायातील एका जुन्या नात्याकडे वळावे लागते. हे नाते आहे यंत्र बनवणारी कंपनी आणि त्या यंत्रासाठी खेळ बनवणारे बाहेरचे निर्माते यांच्यातील. या बाहेरच्या निर्मात्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणजे त्रयस्थ निर्माते म्हणतात. गेल्या साडेचार दशकांत कन्सोलची प्रत्येक मोठी लढाई शेवटी याच त्रयस्थांच्या पाठिंब्यावर जिंकली किंवा हरली गेली, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बाजार, विक्रेते आणि सोपो

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गोमंतकीयांना नवा नाही. तेथे माल मांडणाऱ्या विक्रेत्याला जागेपोटी सोपो द्यावा लागतो. ग्राहक बाजारात येतो तो तेथे नाना तऱ्हेचे विक्रेते असतात म्हणून, आणि विक्रेता येतो तो तेथे ग्राहकांची गर्दी असते म्हणून. दोन्ही बाजू एकमेकींवर अवलंबून असतात. उद्या सोपो अवाच्या सवा वाढला आणि निम्मे विक्रेते दुसऱ्या गावच्या बाजारात निघून गेले, तर ग्राहकही त्यांच्या मागोमाग जातील आणि मागे उरेल ते रिकामे मैदान.

गेमिंग कन्सोल हा असाच एक बाजार आहे. यंत्र म्हणजे मैदान, खेळ बनवणारे म्हणजे विक्रेते, आणि प्रत्येक विकल्या गेलेल्या खेळामागे यंत्रमालकाला मिळणारे परवाना शुल्क म्हणजे सोपो. अर्थशास्त्रात याला दुहेरी बाजारपेठ म्हणतात. फ्रान्सचे अर्थतज्ज्ञ ज्याँ तिरोल यांनी ज्याँ-शार्ल रोशे यांच्यासह २००३ मध्ये या विषयावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात ज्या व्यवसायांचा विचार झाला, त्यांत व्हिडिओ गेमही होते. तिरोल यांना २०१४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवसायाचे गणित सामान्य वस्तूंच्या व्यापाराहून निराळे आहे. कन्सोल पुष्कळदा अत्यल्प नफ्यात, प्रसंगी तोटा सोसूनही विकला जातो. खरी कमाई होते ती पुढील पाच-सात वर्षांत त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या खेळांतून. यंत्रमालक स्वतः काही खेळ बनवतोच. पण एका कंपनीने बनवून बनवून किती खेळ बनवावेत? फुटबॉल, मोटार शर्यती, युद्धपट, कथाप्रधान साहस, लहान मुलांचे खेळ अशा साऱ्या आवडी पुरवायच्या तर बाहेरची शेकडो मंडळी सोबत असावी लागतात. ही मंडळी कोणत्या मैदानात पथारी पसरायची याचा निर्णय तीन गोष्टी पाहून घेतात : तेथे ग्राहक किती, शुल्क किती आणि त्या यंत्रासाठी खेळ बनवणे किती कठीण.

चौघांचे बंड

विशेष म्हणजे आरंभी ‘त्रयस्थ निर्माता’ ही कल्पनाच अस्तित्वात नव्हती. १९७७ मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीने आपले घरगुती यंत्र बाजारात आणले. त्या यंत्राचे खेळ अटारीच बनवत असे. खेळ बनवणारे तंत्रज्ञ पगारी नोकर होते. लाखो डॉलरची कमाई करून देणाऱ्या खेळाच्या खोक्यावर त्याच्या निर्मात्याचे नावही छापले जात नसे.

या वागणुकीला कंटाळून डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चौघे अटारीतून बाहेर पडले. १९७९ मध्ये संगीत व्यवसायातून आलेल्या जिम लेव्ही यांच्या साथीने ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. पुस्तकावर लेखकाचे नाव असते, तसे खेळावर निर्मात्याचे नाव छापण्याचा पायंडा तिने पाडला. कन्सोलसाठी स्वतंत्रपणे खेळ बनवणारी ही जगातील पहिली कंपनी. अटारीने तिला न्यायालयात खेचले. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि ॲक्टिव्हिजनने अटारीला स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले. आज साऱ्या जगात चालणाऱ्या परवाना पद्धतीचे बीज त्या तडजोडीत होते. त्याच वर्षी आलेल्या क्रेन यांच्या ‘पिटफॉल’ने लाखो प्रतींचा खप गाठला.

दार उघडले खरे, पण दारावर पहारा नव्हता. ॲक्टिव्हिजनचे यश पाहून कोणीही उठावे आणि अटारीसाठी खेळ काढावेत, अशी स्थिती झाली. क्वेकर ओट्ससारख्या खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीनेही खेळ बनवणारी शाखा काढली. दुकाने सुमार खेळांनी भरून गेली. खुद्द अटारीही मागे नव्हती. ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरील खेळ तिने अवघ्या पाच-सहा आठवड्यांत तयार करवून घेतला आणि १९८२ च्या नाताळात विक्रीस काढला. तो सपशेल आपटला. न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो येथे जमिनीत पुरला गेला. ही दंतकथा नसून सत्य असल्याचे २०१४ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात सिद्ध झाले. १९८३ मध्ये सुमारे तीन अब्ज डॉलरच्या घरात असलेली अमेरिकेतील ही बाजारपेठ पुढील दोन वर्षांत जवळजवळ नामशेष झाली. दुकानदार व्हिडिओ गेमचे नाव काढू देईनात.

निन्टेन्डोचा पहारा

या भग्नावशेषांवर नवी इमारत उभी केली ती जपानच्या क्योतो शहरातील निन्टेन्डो कंपनीने. तिचा ‘फॅमिकॉम’ जुलै १९८३ मध्ये जपानात आला आणि १९८५ पासून ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत विकला जाऊ लागला. अटारीच्या अनुभवातून निन्टेन्डोने धडा घेतला : बाहेरच्यांना आत घ्यायचे, पण किल्ली आपल्या कनवटीला ठेवायची.

अमेरिकी एनईएसमध्ये एक कुलूप-चिप बसवण्यात आली. खेळाच्या कार्ट्रिजमध्ये तिची जोड-चिप असेल तरच खेळ सुरू होई आणि ही चिप फक्त निन्टेन्डोकडे मिळे. परवाना घेणाऱ्या कंपनीवर कडक अटी होत्या. वर्षाला पाचपेक्षा अधिक खेळ काढायचे नाहीत. एनईएससाठी बनवलेला खेळ दोन वर्षे अन्य कोणत्याही कन्सोलवर द्यायचा नाही. कार्ट्रिज निन्टेन्डोच तयार करणार, त्यांची किमान संख्या तीच ठरवणार आणि पैसे आगाऊ भरावे लागणार. माल खपला नाही तर नुकसान त्रयस्थाचे, निन्टेन्डोचे नव्हे.

गुणवत्तेवर नियंत्रण आले, ग्राहकांचा विश्वास परतला, ही या पद्धतीची जमेची बाजू. पण त्याच वेळी एकाच कंपनीच्या हाती मक्तेदारी एकवटली. १९८८ च्या सुमारास चिपचा तुटवडा पडला, तेव्हा कोणाला किती कार्ट्रिज द्यायची हेही निन्टेन्डोच ठरवू लागली. पळवाटा शोधल्या जाऊ लागल्या. कोनामीने वर्षाला पाच खेळांची मर्यादा ओलांडण्यासाठी ‘अल्ट्रा’ नावाची दुसरी कंपनीच स्थापन केली. अटारीच्याच कुळातील टेंजेन या कंपनीने कुलूप-चिपचे रहस्य मिळवण्यासाठी अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयातून चुकीचे कारण सांगून कागदपत्रे मिळवली आणि पुढे न्यायालयात तिला ते महागात पडले.

आपल्याकडच्या एका पिढीला या काळाची ओळख निराळ्या वाटेने झाली आहे. नव्वदच्या दशकात गोव्यापासून बेळगाव-इंदूरपर्यंत घरोघरी दूरदर्शन संचाला जोडली जाणारी ‘टीव्ही गेम’ची स्वस्त यंत्रे आली होती. ती बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या. जपानी फॅमिकॉममध्ये कुलूप-चिप नव्हती, त्यामुळे नक्कल करणे सोपे गेले. ‘हजार खेळ एकात’ असे छापलेल्या पिवळ्या कार्ट्रिजमध्ये ‘मारिओ’ असे आणि ‘कॉन्ट्रा’ही असे. खेळणाऱ्या मुलाच्या लेखी दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात ‘मारिओ’ यंत्रमालक निन्टेन्डोचा, तर ‘कॉन्ट्रा’ त्रयस्थ कोनामीचा. दोन्ही जातकुळीचे खेळ नसते, तर त्या यंत्राची गोडी निम्म्यानेही उरली नसती.

सेगाच्या दारातून

निन्टेन्डोच्या जाचाला कंटाळलेल्यांना पर्याय हवा होता. तो सेगाच्या रूपाने मिळाला. सेगाचा मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी ‘जेनेसिस’ या नावाने अमेरिकेत आला. सेगाच्या अटीही आरंभी सौम्य नव्हत्या. ट्रिप हॉकिन्स यांच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने त्यावर धाडसी उपाय योजला. तिच्या तंत्रज्ञांनी जेनेसिस यंत्र उलगडून त्याची अंतर्गत रचना स्वतःच शोधून काढली. परवान्यावाचूनही आपण खेळ काढू शकतो, हे पत्ते टेबलावर ठेवून कंपनीने १९९० मध्ये सेगाकडून स्वतःला अनुकूल करार मिळवला. तिच्या अमेरिकी फुटबॉल खेळाने जेनेसिसचा खप वाढवला. दोघांचेही भले झाले.

ॲकोलेड या दुसऱ्या कंपनीने हाच मार्ग धरला, पण तिच्यावर सेगाने दावा लावला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने दिलेला निकाल आजही कायद्याच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. सुसंगत खेळ बनवण्यासाठी यंत्राची रचना उलगडून अभ्यासणे हा स्वामित्वहक्क कायद्याखाली न्याय्य वापर आहे, असा त्याचा आशय होता. परवान्याचे कुलूप सर्वशक्तिमान नाही, हे प्रथमच स्पष्ट झाले. दरम्यान नियामकांच्या आणि स्पर्धेच्या दबावाखाली निन्टेन्डोनेही आपली दोन वर्षांच्या एकनिष्ठेची अट सैल केली.

कार्ट्रिज की तबकडी?

या साऱ्या इतिहासातील सर्वांत निर्णायक वळण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आले आणि त्याचे मूळही परवाना शुल्कातच होते. निन्टेन्डोच्या नव्या यंत्राला सीडी वाचण्याची जोड देण्याचा करार सोनीने केला होता. केन कुतारागी हे सोनीचे अभियंता त्यामागे होते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने हा प्रकल्प जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण सोनीऐवजी फिलिप्सशी हातमिळवणी करत असल्याचे घोषित केले. सीडीवरील खेळांच्या परवान्याचे हक्क करारानुसार सोनीकडे जाणार होते, हे निन्टेन्डोला मानवणारे नव्हते. भर सभेत झालेल्या या मानभंगातून सोनीच्या स्वतंत्र प्लेस्टेशनचा जन्म झाला.

३ डिसेंबर १९९४ रोजी प्लेस्टेशन जपानच्या बाजारात उतरला. सोनीला खेळ बनवण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता. हीच उणीव तिने बलस्थान केली. आपल्याकडे स्वतःचा ‘मारिओ’ नाही, तेव्हा त्रयस्थांना राजी करण्यावाचून गत्यंतर नाही, हे ओळखून तिने शुल्क माफक ठेवले, खेळ बनवण्याची साधने सुलभ केली आणि वितरणात साहाय्य दिले. नामको पहिल्या दिवसापासून ‘रिज रेसर’ घेऊन सोबत उभी राहिली.

त्याच सुमारास सेगाने एक चूक केली. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात तिने आपला सॅटर्न हा कन्सोल ३९९ डॉलरला त्याच दिवसापासून उपलब्ध असल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात सप्टेंबरची तारीख ठरलेली होती आणि त्रयस्थ निर्माते त्या हिशेबाने काम करत होते. त्यांचे खेळ तयारच नव्हते. यंत्र दुकानात आले, खेळ मात्र मोजके. ज्या दुकानांना वगळले गेले ती दुखावली ते वेगळेच. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर सांगितली आणि सॅटर्नचे भवितव्य जवळजवळ ठरून गेले.

निन्टेन्डोचा नवा ‘निन्टेन्डो ६४’ जून १९९६ मध्ये आला. यंत्र सामर्थ्यवान होते. पण कंपनीने सीडीऐवजी कार्ट्रिजच कायम ठेवले. त्यामागे तर्क होता. कार्ट्रिजमधून खेळ क्षणात सुरू होतो, सीडीप्रमाणे वाट पाहावी लागत नाही आणि चोरटी नक्कल करणे कठीण जाते. मात्र त्रयस्थांच्या बाजूने पाहिले तर हिशेब उलटा होता. सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मजकूर मावे. ‘सुपर मारिओ ६४’चे कार्ट्रिज होते ८ मेगाबाइटचे आणि त्या यंत्रावरील सर्वांत मोठी कार्ट्रिजही ६४ मेगाबाइटच्या पुढे गेली नाहीत. सीडी दाबून घेण्याचा खर्च कार्ट्रिजच्या तुलनेत नगण्य. खेळ अनपेक्षितपणे गाजला तर काही दिवसांत नव्या सीडी तयार होत. कार्ट्रिजची मागणी मात्र कित्येक आठवडे आधी नोंदवून पैसे अडकवावे लागत. अंदाज चुकला की गोदामात माल पडून राहणार. यंत्रमालकाला सोयीची असलेली व्यवस्था भाडेकरूच्या गळ्याला फास ठरत होती.

स्क्वेअर ही जपानी कंपनी निन्टेन्डोची जुनी साथीदार. तिच्या ‘फायनल फँटसी’ मालिकेचे पहिले सहा भाग निन्टेन्डोच्या यंत्रांवरच आले होते. सातव्या भागासाठी हिरोनोबु साकागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चित्रपटासारखी दृश्ये हवी होती. ती कार्ट्रिजमध्ये बसणे अशक्य होते. १९९६ च्या आरंभी स्क्वेअरने आपण प्लेस्टेशनकडे जात असल्याचे जाहीर केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर प्रसिद्ध झाला आणि जपानमध्ये पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पाठोपाठ ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही जपानची दुसरी लाडकी मालिकाही सोनीकडे गेली.

अखेरचे आकडे बोलके आहेत. प्लेस्टेशनची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली, निन्टेन्डो ६४ ची सुमारे ३ कोटी ३० लाख. निन्टेन्डो ६४ साठी चारशेहूनही कमी खेळ निघाले, प्लेस्टेशनसाठी हजारोंच्या संख्येने. ‘झेल्डा’सारखे निन्टेन्डोचे स्वतःचे खेळ त्या काळातील सर्वोत्तमांत गणले गेले. परंतु मैदानमालकाने स्वतः मांडलेले एक उत्कृष्ट दुकान साऱ्या बाजाराची उणीव भरून काढू शकले नाही.

यंत्र उत्तम, साथ नाही

त्यानंतरच्या लढायांतही हाच धडा वारंवार गिरवला गेला. सेगाचा ड्रीमकास्ट सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांच्या आसपास यंत्रे खपली. यंत्र काळाच्या पुढचे होते. पण ज्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जेनेसिसला हात दिला होता, तिने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. क्रीडाप्रेमी ग्राहकांचा मोठा वर्ग त्यामुळे दुरावला. सेगाची बिकट आर्थिक अवस्था आणि डीव्हीडी दाखवणाऱ्या प्लेस्टेशन २ चे आकर्षण ही कारणेही होतीच. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. ती स्वतःच त्रयस्थ निर्माती झाली आणि तिचा ‘सॉनिक’ एकेकाळच्या वैऱ्याच्या, निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. प्लेस्टेशन २ मात्र साडेपंधरा कोटींचा टप्पा ओलांडून इतिहासातील सर्वाधिक खपाचा कन्सोल ठरला.

२०१२ च्या निन्टेन्डो वी यू या यंत्राची कथा आणखी बोधप्रद आहे. यंत्र जाहीर झाले तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मंचावर येऊन अभूतपूर्व भागीदारीचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात मोजके खेळ देऊन २०१३ मध्येच तिने काढता पाय घेतला. युबिसॉफ्टचा ‘रेमन लेजेंड्स’ केवळ या यंत्रासाठी येणार होता. खेळ तयार असतानाही त्याचे प्रकाशन काही महिने पुढे ढकलण्यात आले आणि तो अन्य यंत्रांवरही एकाच वेळी आणला गेला. यंत्रे खपत नाहीत म्हणून खेळ येत नाहीत आणि खेळ येत नाहीत म्हणून यंत्रे खपत नाहीत, अशा दुष्टचक्रात वी यू अडकला. त्याची विक्री १ कोटी ३६ लाखांवर थांबली.

त्याच निन्टेन्डोने २०१७ मध्ये ‘स्विच’ आणला आणि चित्र पालटले. हातात धरून खेळता येणाऱ्या या यंत्राची क्षमता स्पर्धकांपेक्षा कमी होती. पण युनिटी आणि अनरिअल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या निर्मितीसाधनांना त्याने आरंभापासून साथ दिली. छोट्या स्वतंत्र निर्मात्यांना तेथे खेळ नेणे सोपे झाले. ‘स्कायरिम’, ‘द विचर ३’ यांसारखे अवाढव्य खेळही छोट्या पडद्यावर उतरले. विक्रीने १५ कोटींचा आकडा मागे टाकला.

वर्तुळ पूर्ण

गेल्या दशकात या नात्याचे स्वरूप पुन्हा बदलले. मोठ्या खेळाचा निर्मितीखर्च आता हॉलिवूडच्या भव्य चित्रपटांच्या पंक्तीत जाऊन बसला आहे. अमेरिकेतील एका खटल्यात २०२३ मध्ये उघड झालेल्या सोनीच्या कागदपत्रांनुसार ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले. एवढा पैसा ओतल्यावर खेळ एकाच यंत्रावर कोंडून ठेवणे त्रयस्थाला परवडत नाही. तो शक्य तितक्या मैदानांत माल मांडणार. कोणत्याही यंत्रमालकाला खेळ फक्त आपल्याकडे हवा असेल, तर बुडणाऱ्या विक्रीची भरपाई द्यावी लागते, नाहीतर ती कंपनीच विकत घ्यावी लागते.

मायक्रोसॉफ्टने दुसरा मार्ग धरला. ‘स्कायरिम’ची निर्माती बेथेस्डा आणि तिची मातृसंस्था साडेसात अब्ज डॉलरना घेतल्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डच्या खरेदीची घोषणा केली. किंमत होती ६८.७ अब्ज डॉलर. ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारखा खेळ सोनीला मिळेनासा झाला तर स्पर्धेचे काय, हा प्रश्न अमेरिका, ब्रिटन आणि युरोपच्या नियामकांपुढे उभा राहिला. अखेर हा खेळ दहा वर्षे प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे करार झाले, क्लाउडवरून खेळ पुरवण्याचे हक्क युबिसॉफ्टकडे सोपवण्यात आले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. यंत्रमालकाच्या वर्चस्वाला कंटाळून चौघांनी स्थापन केलेली जगातील पहिली त्रयस्थ कंपनी ४४ वर्षांनी एका यंत्रमालकाच्या मालकीची झाली.

पण एवढ्या प्रचंड खरेदीनंतर मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आले की आपल्या यंत्रांची संख्या त्या खर्चाला पुरी पडत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने चार खेळ प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवर देण्याचे जाहीर केले. मग ओघ वाढत गेला आणि अखेर ‘हॅलो’ची पाळी आली. यंत्रमालकच त्रयस्थासारखा वागू लागला. सोनीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये आपला ‘हेलडायव्हर्स २’ एक्सबॉक्सवर आणला. दुसरीकडे जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी अनेक त्रयस्थ कंपन्या खेळाऐवजी केवळ किल्ली असलेली कार्डे विकत आहेत. कार्ड घातले की खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. अधिक क्षमतेच्या कार्डाचा खर्च कोणी सोसायचा, हा १९९६ चा प्रश्न तीस वर्षांनी नव्या रूपात परतला आहे.

पुण्याची ‘राजी’ आणि आपला प्रश्न

या कथेत भारत केवळ ग्राहक म्हणून येत नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने प्लेस्टेशन २ साठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ बनवला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ अधिक दूरवर पोहोचला. आपल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा भारतीय पुराणांच्या पार्श्वभूमीवर घडते. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न अपुरा पडला, तरी संस्थेने काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ प्रथम केवळ निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व संगणकावर. काही आठवड्यांची ही एकनिष्ठा छोट्या निर्मात्याच्या कामी कशी येते, हे यातून दिसते. शेकडो खेळांच्या गर्दीत यंत्रमालकाने आपल्या दुकानाच्या दर्शनी भागात जागा दिली, तर अनोळखी निर्मात्याकडे जगाचे लक्ष जाते. त्या वर्षीच्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र खेळाच्या विभागात ‘राजी’ला नामांकन मिळाले.

आपल्याकडे बहुसंख्य लोक कन्सोलवर नव्हे, मोबाइलवर खेळतात. पण तेथेही तोच हिशेब आहे. मोठ्या उलाढालीच्या ॲपकडून तीस टक्क्यांपर्यंत वाटा घेणारी दुकाने गूगल आणि ॲपलच्या मालकीची आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या अटींवरून गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिलात ती रक्कम कमी झाली, तरी आयोगाने उपस्थित केलेला मूळ मुद्दा कायम आहे : मैदान एकाचे असले, तरी सोपो किती घ्यायचा आणि कोणत्या विक्रेत्याला कोठे बसवायचे, हे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडायचे का?

इतिहास याचे एकतर्फी उत्तर देत नाही. पहारा नसलेला अटारीचा बाजार निकृष्ट मालाखाली गुदमरला. अतिपहाऱ्याचा निन्टेन्डोचा बाजार विक्रेत्यांनी संधी मिळताच सोडला. टिकले ते बाजार, जेथे मालकाने दर्जाकडे लक्ष ठेवले आणि विक्रेत्याच्या पदरातही चार पैसे पडू दिले. खेळ घेणाऱ्या घरांसाठीही यात एक व्यावहारिक सूचना आहे. मुलांसाठी कन्सोल निवडताना यंत्राच्या वेगाचे आकडे दुकानदार हिरिरीने सांगेल. त्याला एवढेच विचारावे की मुलांना हवे असलेले खेळ या यंत्रावर येतात का, आणि दोन वर्षांनीही येत राहतील अशी चिन्हे आहेत का. घरात कपाटावर धूळ खात पडलेले महागडे यंत्र बहुधा बिघडलेले नसते. त्याच्यासाठी खेळ बनवणाऱ्यांनी त्याची साथ सोडलेली असते.